पेट्रोल पंपाची मोटर बदलल्यापासून सेल्फ फिरतो, पण गाडी सुरू होत नाही

प्रश्न : धायरीकर

नमस्कार. माझी गाडी २०१४ सालची, १.२ लिटरची, चार सिलिंडरची पेट्रोल हॅचबॅक असून २०१७ मध्ये तिला बाहेरून सिक्वेन्शियल प्रकारचे सीएनजी किट बसवून घेतले आहे. गाडीच्या कंपनीचे नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण गाडीने आजवर त्रास दिलेला नाही आणि जे काही बिघडले आहे ते दुरुस्तीनंतर बिघडले आहे.

गेल्या महिन्यात सकाळी गाडी सुरू व्हायला वेळ लागू लागला. गाडी पेट्रोलवर सुरू होऊन मिनिटभराने गॅसवर जाते आणि दिवसभर गॅसवरच चालते, त्यामुळे टाकीत दोन-तीन लिटरपेक्षा जास्त पेट्रोल ठेवण्याची सवय मला कधीच नव्हती. घराजवळच्या गॅरेजमध्ये पंप गेल्याचे निदान झाले. टाकी उतरवली गेली, मॉड्यूल (टाकीत बसणारा पंपाचा पूर्ण संच) जुनेच ठेवून आतली मोटर तेवढी नवी बसवली, फिल्टर बदलला आणि इंजेक्टर (इंजिनात पेट्रोल फवारणारे भाग) साफ केले. संध्याकाळी गाडी माझ्यासमोर एका सेल्फमध्ये सुरू झाली. चार किलोमीटर चालवत मी ती घरी आणली.

दुसऱ्या दिवशी सकाळी सेल्फ मारल्यावर इंजिनाने एकदाच धडपड केली आणि ते बंद पडले. त्यानंतर आज तिसरा दिवस, इंजिन नुसते फिरते आहे. चावी ऑन केल्यावर मागच्या सीटखालून दोन सेकंद घरघर ऐकू येते. चेक इंजिनचा दिवा चावी ऑन असताना लागतो. बॅटरी सात महिन्यांपूर्वीच घेतलेली आहे. काट्याप्रमाणे टाकीत पाव टाकीहून किंचित जास्त पेट्रोल आहे.

गॅरेजवाल्यांनी येऊन पाहिले आणि, 'मोटर वाजते आहे, म्हणजे आमचे काम बरोबर आहे, तुमचा ईसीएम गेला असणार', असे सांगितले. ईसीएमचा, म्हणजे इंजिनावर नियंत्रण ठेवणाऱ्या संगणकाचा, जो आकडा त्यांनी सांगितला, तो ऐकून मी आधी इथे विचारायचे ठरवले. एवढा खर्च करण्यापूर्वी मी स्वतः काय काय तपासू शकतो?

उत्तर : बार्शीचा प्रवासी

ईसीएमचा विचार तूर्त बाजूला ठेवावा. टाकी उतरवली की काट्याचा फ्लोट (पेट्रोलवर तरंगून पातळी दाखवणारा भाग) मॉड्यूलबरोबर बाहेर येतो, आणि मॉड्यूल परत घालताना त्याचा दांडा वाकला किंवा टाकीच्या भिंतीला अडकला, तर टाकी कोरडी असूनही काटा पाव दाखवत राहतो. टाकी उतरवण्यापूर्वी त्यांनी त्यातले पेट्रोल काढून घेतले असणार. ते सगळे परत भरले गेले की नाही, हे आपण पाहिले होते का? आधी कॅनमधून पाच लिटर पेट्रोल आणून ओतावे आणि काटा हलतो का ते पाहावे.

त्यानंतर चावी ऑन करून घरघर थांबेपर्यंत थांबावे, ऑफ करावी, आणि असे पाच-सहा वेळा करून मगच सेल्फ मारावा. रिकाम्या झालेल्या पाइपांमध्ये पेट्रोल भरायला एवढे पुरते. एका वेळी दहा सेकंदांपेक्षा जास्त सेल्फ मारू नये आणि मध्ये किमान अर्धा मिनिट जाऊ द्यावा. सेल्फ मारताना बॅटरीचा व्होल्टेज साडेनऊच्या खाली उतरत असेल, तर इंजिन फिरत असले तरी ईसीएम आणि इंजेक्टर नीट काम करतीलच असे नाही. तीन दिवसांच्या खटपटीत नवी बॅटरीसुद्धा थकते.

उत्तर : सांगोल्याचा बोलेरोवाला

माझ्या डिझेल गाडीचे फिल्टर बदलल्यावर हुबेहूब असेच झाले होते. पाइपात हवा धरली होती. फिल्टरवरचा हातपंप कडक होईपर्यंत दाबला आणि गाडी सुरू झाली. आपणही आधी हवा काढून पाहावी.

उत्तर : निवृत्त निदेशक, आयटीआय

बोलेरोवाल्यांचा अनुभव खरा आहे, पण तो या गाडीला लागू होत नाही. डिझेल फिल्टरपर्यंत खेचून घ्यावे लागते त्या गाड्यांत हवा धरली की हातपंपाशिवाय सुटका नसते. पेट्रोल इंजेक्शनच्या गाडीत पंप टाकीतच बुडालेला असतो, तो पेट्रोल मागून ढकलतो आणि हवा इंजेक्टरवाटे आपोआप निघून जाते. एक सूचना सर्वांसाठीच करून ठेवतो. कॉमन रेल डिझेलमध्ये हवा काढण्यासाठी इंजेक्टरकडे जाणारे लोखंडी पाइप इंजिन फिरत असताना कधीही सैल करू नयेत. तिथला दाब हजार बारच्या वर जाऊ शकतो आणि ती धार कातडीच्या आत शिरते.

आता मूळ प्रश्नाकडे. दुरुस्तीनंतर उद्भवलेला दोष ज्या जागी हात लागला आहे तिथेच आधी शोधायचा असतो. आपल्या बाबतीत अशा जागा पुष्कळ आहेत : मोटर, तिच्या वायरी, मॉड्यूलमधला पाइप, फिल्टर, रेल (सगळ्या इंजेक्टरांना पेट्रोल पुरवणारी नळी), इंजेक्टरांचे कनेक्टर. इंजेक्टर काढताना आसपासचा एखादा सेन्सर किंवा अर्थची वायर सुटी करून ती परत जोडायची राहणे, हेही नेहमीचेच. त्यामुळे बॉनेट उघडून प्रत्येक कनेक्टर हाताने दाबून पाहावा. तो टक् असा आवाज करून बसला, तर आधी नीट बसलेला नव्हता असे समजावे.

पण आपण लिहिलेली एक गोष्ट मला फार मोलाची वाटते. संध्याकाळी गाडी पेट्रोलवर सुरू झाली आणि मिनिटभर पेट्रोलवरच चालली. नव्या मोटरच्या वायरी उलट जोडल्या गेल्या असत्या, तर मोटर उलटी फिरली असती, घरघर तशीच ऐकू आली असती, पण दाब तयार झाला नसता आणि गाडी त्या संध्याकाळीही सुरू झाली नसती. पाइपांची अदलाबदल झाली असती तरी तेच. म्हणजे काम संपले तेव्हा सगळे जागेवर होते आणि नंतर, बहुधा आपण गॅसवर घरी येत असताना, काहीतरी सुटले. गॅसवर चालताना पुष्कळ किटांमध्ये पेट्रोलचा पंप मागे फिरतच असतो, फक्त पेट्रोलचे इंजेक्टर बंद ठेवलेले असतात. त्या वेळी पेट्रोलच्या वाटेवर काय घडले, हे चालवणाऱ्याला कळत नाही.

घरघर ऐकू आली म्हणजे दाब आहे, असा अर्थ काढणे चुकीचे आहे. त्या आवाजावरून मोटरला वीज मिळते एवढेच सिद्ध होते. आपल्यासारख्या गाडीत रेलमध्ये साधारण तीन बार दाब लागतो, आणि या प्रकारच्या बहुतेक गाड्यांत इंधनदाब मोजणारा सेन्सर नसल्यामुळे दाब शून्य असला तरी स्कॅनरवर त्याचा कोड येत नाही. दाबाचा गेज लावणे हाच एक मार्ग आहे.

गेज मिळेपर्यंत एक सोपी परीक्षा आपल्या हातात आहे, आणि ती सीएनजी किटमुळेच शक्य आहे. बहुतेक सिक्वेन्शियल किटांमध्ये पेट्रोल नसताना थेट गॅसवर सुरू करण्याची सोय दिलेली असते. साधारणपणे गॅसचे बटण दाबून धरून चावी ऑन करायची असते. नेमकी रीत किटच्या पुस्तिकेत असेल. रेड्यूसर (गॅसचा दाब कमी करणारा किटचा भाग) थंड असताना हे रोज करणे बरे नाही, पण एकदा करायला हरकत नाही. गाडी गॅसवर सुरू झाली, तर ईसीएमचा प्रश्न तिथेच मिटेल. याचे कारण असे, की सिक्वेन्शियल किट गॅस किती आणि कधी सोडायचा हे स्वतः ठरवत नाही. गाडीचा मूळ ईसीएम पेट्रोलच्या इंजेक्टरांना जे इशारे पाठवतो, तेच इशारे वाचून किट आपले इंजेक्टर उघडते. ईसीएम मेलेला असेल, तर गॅसवरही इंजिन चालणार नाही. क्रँक सेन्सर, कॉइल, प्लग आणि कॉम्प्रेशन हेही त्याच परीक्षेत उत्तीर्ण होतील.

शिवाय दहा सेकंद सेल्फ मारून लगेच एक प्लग काढून पाहावा. तो ओला असेल तर पेट्रोल पोहोचते आहे, पेटत नाही. कोरडा असेल तर पोहोचतच नाही.

उत्तर : कोथरूडचा वायरमन

निदेशक सरांनी सांगितलेली परीक्षा जरूर करावी. त्यात माझ्या कामातली एक भर घालतो. गॅसवर गाडी सुरू झाली तरी दोष टाकीतच आहे असे लगेच धरून चालू नये. किटची वायरिंग पेट्रोलच्या इंजेक्टरांच्या वायरी मध्येच तोडून जोडलेली असते, म्हणजे गॅसवर असताना पेट्रोल बंद ठेवता येते. इंजेक्टर काढणाऱ्याने ते जोड ओढाताणीत सैल केले, तर पेट्रोलचे इंजेक्टर कायमचे गप्प राहतात आणि रेलमध्ये पूर्ण दाब असूनही प्लग कोरडेच दिसतात. गेजवर तीन बार दिसले, तर माझ्या बाजूने शोधावे. काहीच दिसले नाही, तर सरांच्या बाजूने.

पंपाच्या कनेक्टरवर व्होल्टेजही मोजून घ्यावा, पण तो कनेक्टर जोडलेला असताना, म्हणजे मोटरवर भार असताना. कनेक्टर काढून घेतलेले १२ व्होल्टचे रीडिंग फसवे असते. गंजलेल्या जोडातूनही मीटरपुरता व्होल्टेज येतो आणि मोटर जोडली की तो कोसळतो.

धायरीकर

आपणा सर्वांचे आभार. काल रविवार असल्यामुळे शेजारच्या एका फिरत्या मेकॅनिकना गेजसह बोलावले आणि सुचवलेल्या क्रमाने सगळे तपासले.

पाच लिटर पेट्रोल ओतले. काटा जिथे होता तिथून तसूभरही हलला नाही, म्हणजे बार्शीकरांचा फ्लोटविषयीचा अंदाज खरा ठरला. मात्र गाडी त्यानेही सुरू झाली नाही. बॉनेटखालचे सगळे कनेक्टर दाबून पाहिले, ते बसलेले होते. सेल्फ मारताना बॅटरी १०.४ व्होल्टवर राहिली. प्लग काढला तर खडखडीत कोरडा, पेट्रोलचा वासही नाही.

मग पुस्तिका शोधून बटण दाबून धरले आणि गाडी थेट गॅसवर सुरू केली. दुसऱ्या सेल्फला इंजिन चालू झाले आणि संथपणे चालत राहिले. तीन दिवस उभ्या असलेल्या गाडीचा तो आवाज ऐकून वॉचमनसुद्धा पाहायला आले. बटण पेट्रोलवर नेताच दोन सेकंदांत बंद.

गेजचे आकडे असे आहेत. चावी ऑन केल्यावर काटा ०.४ बारपर्यंत चढला आणि घरघर थांबताच शून्यावर आला. सेल्फ मारताना ०.५. नंतर मेकॅनिकनी रिले (पंपाला वीज सोडणारा स्विच) काढून फ्यूज लावलेल्या वायरीने मोटर सलग चालवली, तेव्हाही ०.५ बारच्या वर गेला नाही. त्या वेळी पंपाच्या कनेक्टरवर जोडलेल्या अवस्थेत ११.९ व्होल्ट होते. त्यांचे मत असे पडले, की नवी मोटरच सदोष निघाली असावी आणि दुसरी मागवावी.

निवृत्त निदेशक, आयटीआय

छान मोजलेत. या आकड्यांमुळे वायरमन साहेबांचा मार्ग बंद झाला आणि ईसीएमचाही. व्होल्टेज भरपूर आहे, मोटर फिरते आहे, दाब मात्र नाही.

मोटर सदोष असू शकते, पण ती मागवण्यापूर्वी माझी एक शंका तपासावी. मोटरमधून निघालेले पेट्रोल टाकीच्या बाहेर पडण्याआधी मॉड्यूलमधल्याच एका छोट्या पाइपातून झाकणापर्यंत जाते. मूळ पाइप सुरकुत्यांचा, प्लॅस्टिकचा आणि घट्ट बसवलेला असतो. फक्त मोटर बदलताना तो कापावा लागतो आणि त्याच्या जागी बरेच जण रबराचा साधा पेट्रोल पाइप लावतात. तो पाइप आतून-बाहेरून पेट्रोलमध्ये बुडून राहण्यासाठी बनवलेला नसतो. इथेनॉलमिश्रित पेट्रोलमध्ये तो लवकर फुगतो, मऊ पडतो आणि दाब आला की निसटतो. निसटल्यावर मोटर पेट्रोल टाकीतल्या टाकीतच फिरवत राहते. आपला ०.५ बार तसाच दिसतो, आणि घरघर थांबताक्षणी काटा शून्यावर आला हेही त्याच्याशी जुळते, कारण मोटरमधला चेक व्हॉल्व्ह (पेट्रोल मागे येऊ न देणारी झडप) ठीक असला तरी निसटलेल्या पाइपातला दाब तो धरून ठेवू शकत नाही.

संध्याकाळी चालली आणि सकाळी नाही, याचा उलगडा मला तरी एवढ्यानेच होतो. मॉड्यूल पुन्हा बाहेर काढावे लागेल. ते काम मोकळ्या हवेत व्हावे, बॅटरीची निगेटिव्ह तार सर्वांत आधी काढावी आणि टाकीचे तोंड उघडल्यावर तिथे चालू मोटर, हॅलोजन दिवा किंवा मोबाइलचा टॉर्च चालणार नाही. अग्निशामक जवळ ठेवावा. आणि हे सगळे आपल्या डोळ्यांसमोर व्हावे, असा आग्रह धरावा.

धायरीकर

आज दुपारी टाकी उतरवली. मॉड्यूल बाहेर आले तेव्हा मी समोरच उभा होतो.

मोटरच्या तोंडावर काळ्या रबराचा वीतभर पाइप होता आणि त्याचे वरचे टोक झाकणाच्या नळीवरून सुटून बाजूला लोंबत होते. त्यावर क्लिप नव्हती. पांढरा प्लॅस्टिकचा केबल टाय होता, वायरी बांधायला वापरतात तो. टाय तुटलेला नव्हता. पाइपासकट घसरून आला होता. रबर बोटाने दाबले तर शिळ्या इडलीसारखे मऊ लागले आणि बोटाला काळे लागले, तेही जेमतेम पाच दिवसांत. फ्लोटचा दांडा वाकून मॉड्यूलच्या पायाला टेकलेला होता.

मोटर तपासायला बाजूला ठेवली. मी अख्खे नवे मॉड्यूल घेतले. ईसीएमसाठी सांगितलेल्या रकमेच्या पाव भागाहूनही ते स्वस्त पडले. बसवल्यावर चावी ऑन करताच गेज ३ बारवर गेला आणि चावी बंद केल्यावर दहा मिनिटांनीही २.६ वर होता. गाडी पहिल्याच सेल्फला पेट्रोलवर सुरू झाली आणि काटाही खरा आकडा दाखवू लागला.

पहिल्या गॅरेजवाल्यांना तो पाइप नेऊन दाखवला. त्यांनी मजुरी परत केली, पण, 'आम्ही असेच लावतो, कोणाची तक्रार नाही', असे ते म्हणाले. काढलेल्या मोटरचे काय करावे? ती चांगली असेल तर फेकवत नाही.

निवृत्त निदेशक, आयटीआय

मोटर चांगलीच असावी. व्यवस्थित पुसून, तोंडे बंद करून ठेवून द्या. कोरडी चालवून पाहू नका. तिला थंडावा आणि वंगण पेट्रोलच देते. आपली मूळ मोटर अकाली गेली, तीही बहुधा टाकीत दोन-तीन लिटरच पेट्रोल असण्यामुळे. दिवसभर गॅसवर चालताना ती जवळजवळ उघडीच फिरत होती. यापुढे टाकीत आठ-दहा लिटर राहू द्या आणि आठवड्यातून एखादा फेरा पूर्ण पेट्रोलवर मारा, म्हणजे ते पेट्रोलही शिळे होणार नाही.

पुढे कधी ती मोटर वापरावी लागली, तर टाकीच्या आत बुडवण्यासाठीचा वेगळा पाइप मिळतो, त्यावर एसएई ३०आर१० असे छापलेले असते. दोन्ही टोकांना इंधन इंजेक्शनसाठीची स्टीलची क्लिप लावावी.

बार्शीचा प्रवासी

काटा खरा दाखवू लागला हे वाचून बरे वाटले. ते ओतलेले पाच लिटर टाकी उतरवताना परत मिळाले ना?

धायरीकर

मिळाले. या वेळी कॅनवर नजर ठेवून होतो.